डॉ. जॉन गिबन आणि त्यांचे हृदय-फुफ्फुस यंत्र



या सदरात आम्ही बहुधा आपल्याकडच्याच थोरांविषयी लिहितो. या वेळी मात्र थेट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जायचे आहे. त्याचे निमित्त आपल्याच शाळेत घडले, म्हणून आधी ते सांगतो.

गेल्या स्नेहसंमेलनाला आपले गणिताचे निवृत्त सर आले होते. नाव छापायचे नाही अशी त्यांची ताकीद आहे. पण इंदुरात ज्यांच्या घरी बाप-लेक दोघेही त्यांच्या हातून भूमिती शिकले, त्यांना नाव सांगायची गरजही नाही. हजेरीपट न उघडता साठ-सत्तर मुलांची हजेरी घेणारे हे सर. संमेलनाच्या आठ महिने आधी त्यांची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. चार शब्द बोलायला ते उभे राहिले, वर्तुळाचे एक उदाहरण द्यायला निघाले आणि मध्येच थांबले. त्यांना ‘त्रिज्या’ हा शब्द आठवेना. सभागृह गप्प झाले. शेवटी पहिल्या रांगेतल्या सहावीच्या मुलीने तो शब्द हळूच सांगितला. सर हसले, भाषण आटोपते घेतले आणि त्यानंतर दोन-तीन महिने शाळेकडे फिरकले नाहीत.

काकूंना भेटायला गेलो तेव्हा कळले की संमतीपत्रावर आपण उगाच सही केली, असे त्यांच्या मुलाला वाटू लागले आहे. एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहिलाच नसता. पण समाजात गोष्ट पसरली. यंत्रावर टाकलेल्या माणसाचे डोके कामातून जाते, अशी कुजबुज सुरू झाली. आपल्याच एका पालकांच्या वडिलांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. त्यांनी ती पुढे ढकलली. इकडे आठवीतली मुले आम्हाला विचारू लागली की आठवणी हृदयात असतात की मेंदूत? हृदयाला हात लावला तर मेंदूचे काय बिघडते?

प्रश्न चांगला आहे. तो सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त ज्या माणसाला छळत होता, त्याचे हे चरित्र.

जॉन हेशम गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी फिलाडेल्फियात झाला. घराण्यात पिढ्यानपिढ्या डॉक्टरकी. वडील नामांकित शल्यविशारद आणि तिथल्याच जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक. अशा घरात जन्मलेल्या मुलाने काय व्हायचे हे पाळण्यातच ठरलेले असते. आपल्याकडेही ठरते. पण या मुलाचा ओढा कवितेकडे आणि चित्रांकडे. सोळाव्या वर्षी प्रिन्स्टनला गेला, १९२३ मध्ये पदवीधर झाला, वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी त्याला वाटू लागले की हे सोडावे व लेखन करावे.

वडिलांनी आरडाओरडा केला नाही. अभ्यासक्रम पुरा कर, पुढे दवाखाना थाटायचा नसेल तर थाटू नकोस, पदवी हाती आल्याने तुझे लेखन काही वाईट होणार नाही, असे त्यांनी समजावले. मुलाने ऐकले. १९२७ मध्ये तो डॉक्टर झाला. कवितेचे फार पुढे गेले नाही. चित्रकला मात्र आयुष्यभर राहिली.

१९३० मध्ये गिबन संशोधनासाठी बोस्टनला गेले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या नावाजलेल्या रुग्णालयात डॉ. एडवर्ड चर्चिल यांच्या हाताखाली काम करायचे होते. तिथे एका स्त्रीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती. ती ठीक होत असताना, दोन आठवड्यांनी, एकाएकी तिच्या छातीत कळ आली. पायाकडच्या शिरेत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून हृदयातून पुढे गेली होती आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत अडकली होती. वाटच बुजली. त्या काळी यावर एकच उपाय होता. छाती उघडायची, धमनी कापायची, गुठळी ओढून काढायची आणि हे सगळे काही मिनिटांत. यातून वाचलेले रोगी जगभरात मोजकेच. म्हणून रोगी मरणाच्या दारात पोचेपर्यंत कोणी सुरी उचलत नसे.

चर्चिल यांनी गिबन यांना तिच्या उशाशी बसवले. दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत, असे सतरा तास. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून लिहायचा. त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्या शिरा फुगत होत्या, रक्त काळसर होत होते, रक्तदाब उतरत होता. सकाळी आठला श्वास थांबला. चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत छाती उघडून गुठळी काढली. बाई वाचल्या नाहीत.

ती रात्र गिबन यांच्या मनातून कधी गेली नाही. जागता जागता एकच विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. तिच्या शिरांमधले काळे रक्त थोडे थोडे बाहेर काढता आले असते, बाहेरच त्यात प्राणवायू मिसळता आला असता आणि ते लाल रक्त पुन्हा तिच्या धमन्यांत सोडता आले असते, तर हृदय आणि फुफ्फुसे यांना वळसा घालून शरीर जिवंत राहिले असते. मग गुठळी काढायला साडेसहा मिनिटांची घाई कशाला?

इथे जरा थांबू. घाई खरोखर कोणासाठी होती? हृदय स्वतः काही वेळ उपाशी राहू शकते, हातपाय त्याहून जास्त. थांबत नाही तो मेंदू. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण एकूण प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि साठा मात्र काही ठेवत नाही. रक्त थांबले की काही सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरू लागतात. त्यातही नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात तो मेंदूचा भाग विशेष नाजूक. शल्यचिकित्सेने तोवर शरीराचे जवळजवळ सगळे कोपरे गाठले होते, पण हृदयाच्या आत शिरता येत नव्हते. ते या चार मिनिटांमुळे. म्हणून गिबन यांचे यंत्र नावाने हृदय-फुफ्फुसाचे असले तरी आमच्या मते ते पहिल्या दिवसापासून मेंदूसाठीच होते.

कल्पना वरिष्ठांना सांगितली तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. चर्चिलही साशंकच होते. विश्वास ठेवला तो मेरी हॉपकिन्सन यांनी. त्या चर्चिल यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या आणि एका चित्रकाराची मुलगी. घरी त्यांना मॅली म्हणत. १९३१ मध्ये जॉन आणि मॅली यांचे लग्न झाले. पुढची कित्येक वर्षे हे यंत्र म्हणजे या जोडप्याचा संसार होता. इतिहासाच्या पुस्तकांत एकट्या गिबन यांचे नाव येते. पण प्रयोगाच्या दिवशी पहाटेपासून यंत्र जोडणे, प्राण्याला भूल देणे, रक्ताच्या चाचण्या करणे आणि शेवटी सगळी काचेची भांडी धुणे यांत मॅलींचा वाटा बरोबरीचा होता. चार मुलेही त्यांनीच वाढवली.

१९३४ मध्ये एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली आणि दोघे पुन्हा बोस्टनच्या त्याच रुग्णालयात आले. पैसे बेताचेच. थोड्या डॉलरांत हवेचा एक जुना पंप विकत आणला. झडपा रबरी बुचांपासून कापून केल्या. रक्तात प्राणवायू मिसळण्यासाठी एक उभा फिरता नळकांडा केला. तो गरगर फिरला की रक्ताचा पातळ थर त्याच्या आतल्या भिंतीवर पसरे आणि आत सोडलेला प्राणवायू त्या थरात शिरे. रक्त बाहेर काढले की गोठते, ही मोठी अडचण होती. पण हेपॅरिन नावाचे, रक्त गोठू न देणारे द्रव्य नुकतेच शुद्ध स्वरूपात मिळू लागले होते. ते नसते तर या यंत्राचे काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

प्रयोग मांजरांवर होत. मांजरे कोठून आणायची? गिबन स्वतः रात्री बोस्टनच्या गल्ल्यांतून हातात माशाचा तुकडा आणि काखेत गोणपाट घेऊन भटकी मांजरे धरत हिंडत. सातवी ‘ब’ मधल्या मांजरप्रेमी मंडळींना हे वाचून वाईट वाटेल, आम्हालाही वाटले. पण ते लपवून गोड चरित्र लिहिणे आम्हाला बरे वाटेना.

महिने गेले. मांजरे मरत राहिली. अखेर १९३५ च्या मे महिन्यात एके दिवशी त्यांनी एका मांजराच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीवर चिमटा लावून ती पूर्ण बंद केली, यंत्र सुरू केले, आणि रक्तदाब टिकून राहिला. चिमटा आणखी घट्ट केला तरी टिकला. काम आता यंत्र करत होते. नवरा-बायकोने एकमेकांना मिठी मारली आणि प्रयोगशाळेतच दोघे नाचले. १९३७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. १९३९ मध्ये, यंत्रावरून उतरल्यानंतरही पुढे नीट जगलेल्या मांजरांची हकिकत त्यांनी छापली.

मग दुसरे महायुद्ध आले. गिबन सैन्याच्या वैद्यकीय दलात गेले, पॅसिफिक भागात त्यांनी काम केले आणि यंत्र काही वर्षे धूळ खात पडले. १९४६ मध्ये ते जेफरसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले, म्हणजे वडिलांच्याच जागी म्हणा ना. त्याच सुमारास एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून त्यांची गाठ आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी पडली. हिशेबाची यंत्रे बनवणारी ही कंपनी. वॉटसन यांनी अभियंते दिले, खर्चही उचलला. आता मांजराऐवजी माणसाच्या मापाचे यंत्र हवे होते, आणि माणसाला लागतो तेवढा रक्ताचा थर त्या फिरत्या नळकांड्यात मावत नव्हता. तो मावेल असे नळकांडे करायचे तर ते भलतेच मोठे झाले असते. तोडगा गिबन यांच्या तरुण सहकाऱ्यांनी शोधला. उभ्या टांगलेल्या तारेच्या जाळ्यांवरून रक्त सोडले तर ते घुसळत, पातळ पदरासारखे खाली उतरते आणि प्राणवायू कितीतरी अधिक शोषते.

यंत्र वाढले तसे कुत्र्यांवरचे प्रयोगही वाढले, आणि इथेच मेंदूचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. नुसता प्राणवायू पुरवणे पुरेसे नव्हते. रक्तात हवेचा एखादा बुडबुडा राहिला, किंवा गोठलेल्या रक्ताचा कण राहिला, तर तो रक्ताबरोबर थेट मेंदूच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकणार. म्हणून परत जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवर गाळणी बसवली. रक्ताचा प्रवाह जरा जरी कमी-जास्त झाला तरी आपोआप सावरणारी नियंत्रणे बसवली. यंत्र चालते का, हा प्रश्न सुटून बरीच वर्षे झाली होती. यंत्रावरून उतरलेला जीव पूर्वीसारखाच राहतो का, हा प्रश्न आता होता.

१९५२ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा माणसावर प्रयत्न झाला. रोगी पंधरा महिन्यांचे बाळ. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे असे निदान होते. छाती उघडली तर भोक सापडेना. बाळ गेले. दोष निराळ्याच ठिकाणी, हृदयाबाहेरच्या एका वाहिनीत होता, हे नंतर कळले. त्या काळी निदानाची साधनेच तोकडी होती.

पुढच्या वर्षी, ६ मे १९५३ रोजी, अठरा वर्षांची एक महाविद्यालयीन मुलगी टेबलावर होती. तिच्या पडद्याला खरोखरच मोठे भोक होते आणि हृदय थकत चालले होते. ती एकूण पंचेचाळीस मिनिटे यंत्राला जोडलेली होती. त्यांपैकी सव्वीस मिनिटे तिच्या शरीरातले सगळे रक्त फक्त यंत्र फिरवत होते. हृदय आणि फुफ्फुसे बाजूला. सगळे सुरळीत झाले असे नाही. हेपॅरिन कमी पडले, जाळ्यांवर रक्त साकळू लागले आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. पण गिबन यांनी भोक साध्या सुती धाग्याने शिवून बंद केले, हृदयाने पुन्हा सूत्रे हाती घेतली आणि मुलगी शुद्धीवर आली. नुसती जगली नाही. पूर्वीसारखीच बोलती-चालती, ओळखीपाळखीची राहिली. त्यानंतर ती चार दशकांहून अधिक जगली. चार मिनिटांची भिंत सव्वीस मिनिटांनी मोडली होती.

एवढ्या मोठ्या गोष्टीचा गाजावाजा गिबन यांनी केला नाही. सविस्तर वृत्तांत लिहिला तो मिनेसोटाच्या एका प्रांतिक वैद्यकीय मासिकात, तोही पुढच्या वर्षी.

आणि आता चरित्रातला तो भाग, ज्यासाठी आम्हाला हा माणूस विशेष आवडला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी पाच वर्षांच्या दोन मुलींवर यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्या. दोघीही दगावल्या. गिबन यांनी यंत्राचा माणसावरचा वापर एका वर्षासाठी बंद केला. कोणी सक्ती केली नव्हती. एका यशावर आयुष्यभर भाषणे देता आली असती. ते पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले आणि उघड्या हृदयावरची शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः पुढे केली नाही. ते काम तरुण सहकाऱ्यांवर सोपवले. मेयो क्लिनिकच्या डॉ. जॉन कर्कलिन यांना यंत्राचे आराखडे हवे होते, ते त्यांनी मोकळ्या मनाने दिले. कर्कलिन यांनी त्यात सुधारणा करून मार्च १९५५ पासून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पहिल्या आठ रोग्यांपैकी चार वाचले. आज हा आकडा भयंकर वाटेल. तेव्हा तो दार उघडल्याचा आकडा होता.

त्याच काळात इतरांनीही वाटा शोधल्या होत्या. कोणी रोग्याला थंडगार करून मेंदूची भूक कमी करत होते, डॉ. लिलेहाय यांनी १९५४ मध्ये मुलाच्या शरीराला बापाचे शरीर जोडून बापालाच यंत्र बनवले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटी जगाने स्वीकारले ते गिबन यांचेच तत्त्व. १९६७ मध्ये अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी क्लीव्हलंडमध्ये पायाची शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा देण्याची पद्धत रूढ केली. सरांची झाली ती हीच बायपास.

गिबन १९६७ मध्ये निवृत्त झाले, शेतावर राहू लागले आणि मनसोक्त चित्रे काढू लागले. १९६८ मध्ये त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळताना हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचे निधन झाले. वय एकोणसत्तर.

आता सरांच्या त्रिज्येकडे येऊ. कारण गिबन गेले तरी त्यांचा प्रश्न मागे राहिला.

हृदयाच्या शस्त्रक्रिया हजारोंनी होऊ लागल्या तसे डॉक्टरांच्या लक्षात आले की काही रोगी शस्त्रक्रियेनंतर थोडे दिवस भ्रमिष्टासारखे वागतात, रात्री नसलेली माणसे पाहतात. काहींना पुढे कित्येक आठवडे नावे आठवत नाहीत, हिशेब जमत नाही, वाचलेले पान डोक्यात राहत नाही. अमेरिकेत या प्रकाराला गमतीने पंपावरचे डोके अशा अर्थाचे नाव पडले. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २६१ बायपास रोग्यांची आधी आणि नंतर तपासणी करून आकडे प्रसिद्ध केले. रुग्णालयातून घरी जाताना ५३ टक्के लोकांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी घसरलेली होती. सहा आठवड्यांनी ३६ टक्के, सहा महिन्यांनी २४ टक्के. म्हणजे बहुतेकांचे डोके हळूहळू ताळ्यावर येत होते. पण पाच वर्षांनी पुन्हा तपासले तर आकडा ४२ टक्के. जगभर खळबळ उडाली. आपल्याकडे आज जी कुजबुज ऐकू येते, तिचे मूळ बहुधा तिथेच कुठेतरी आहे.

संशय साहजिकच यंत्रावर गेला. बुडबुडे, रक्ताचे कण, कमी पडलेला दाब; गिबन यांना ज्यांची धास्ती होती तेच सगळे आरोपी. मग यंत्र न वापरता, धडधडत्या हृदयावरच टाके घालून बायपास करून पाहिली. यंत्र दोषी असेल तर या रोग्यांची स्मृती शाबूत राहायला हवी. नेदरलँड्समध्ये २८१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एक यंत्रावर आणि एक यंत्राविना. पाच वर्षांनी दोन्ही गटांची घसरण जवळजवळ सारखी निघाली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रोग्यांवर झालेला असाच मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही एका वर्षाने बौद्धिक चाचण्यांत फरक दिसला नाही.

जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आणखी शहाणा प्रश्न विचारला. ज्यांना हृदयाचा तसाच आजार आहे पण शस्त्रक्रिया झालेलीच नाही, त्यांच्या स्मृतीचे काय होते? तीही पुढच्या वर्षांत साधारण तेवढीच उतरते, असे दिसले. कारण समजायला अवघड नाही. हृदयाच्या धमन्यांत जो मेद साठतो तो मेंदूच्या धमन्यांना वगळत नाही. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हे दोन्ही ठिकाणी सारखेच काम करतात. वर्षानुवर्षे चाललेली ही झीज शस्त्रक्रियेच्या दिवशी एकदम नजरेस पडते, आणि बोट यंत्राकडे जाते.

यंत्र साव आहे असे आम्ही म्हणणार नाही. बायपासनंतर शंभरात एक ते तीन जणांना पक्षाघाताचा झटका येतो, हे डॉक्टर आधी सांगतातच आणि सांगायलाच हवे. पहिल्या दिवसांतला भ्रम वृद्धांना विशेष होतो. त्या वेळी चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर परत देणे, उशाशी घरचे माणूस असणे, रात्री दिवे घालवून झोप लागू देणे, या साध्या गोष्टींचा उपयोग होतो. आधीपासून विसर पडत असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वी सांगावे. लाजून लपवू नये. आणि आजची यंत्रे गिबन यांच्या जाळ्यांची राहिलेली नाहीत. रक्त आणि प्राणवायू यांच्यामध्ये आता केसासारख्या पोकळ तंतूंची भिंत असते, आणि गाळण्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक कण अडवतात.

हे सगळे वाचून आम्ही सरांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलाला आकडे दाखवले. तो बराच वेळ २४ टक्क्यांच्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. सरांनी मधल्या काळात एक वही केली आहे. सकाळी फिरून आले की भेटलेल्यांची नावे तीत लिहितात. अडले तर काकूंना विचारत नाहीत, दुपारपर्यंत वाट पाहतात. सुरुवातीच्या पानांवर कोऱ्या जागा पुष्कळ आहेत. अलीकडच्या पानांवर कमी. ज्या आजोबांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती, त्यांचे चिरंजीव ती वही पाहून गेले, आणि आजोबा पुढच्या महिन्यात दाखल होणार आहेत.

गिबन यांची गोष्ट सरांनी डोळे मिटून ऐकली. संपल्यावर त्यांनी बाकी काही न विचारता आमच्याबरोबर आलेल्या आठवीच्या चार मुलांना गणित घातले. सतरा तास, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, तर त्या रात्री एकूण नोंदी किती? मुलांनी झटकन अडुसष्ट सांगितले. सरांनी मान हलवली. दुपारी तीनला बसल्या बसल्या घेतलेली पहिली नोंद कोणी मोजायची, असे विचारून त्यांनी वहीच्या कोपऱ्यात ६९ लिहिले.